मार्तिगला दमा असलेल्या मुलीसाठी घर कुठल्या भागात बघावं?

ओवीची आई:
नमस्कार. नवऱ्याची पिंपरीहून दक्षिण फ्रान्सला बदली होतेय, मार्तिगजवळच्या लाव्हेरा रासायनिक संकुलात. घर आमचं आम्हीच शोधायचंय. फोटोत गाव फार सुंदर दिसतं, कालवे आणि रंगीत होड्या. पण नकाशा जरा बाजूला सरकवला की टाक्या आणि चिमण्याच चिमण्या. लेक सहा वर्षांची आहे, तिला दमा आहे. पुण्यात थंडी सुरू झाली की नेब्युलायझर कपाटात ठेवताच येत नाही. अ‍ॅपवर मार्तिगचा एक्यूआय बहुतेक वेळा हिरवा असतो. घरचे म्हणतात, पुण्यापेक्षा बरंच आहे, काळजी कसली करतेस? तरी माझ्या मनाला पटत नाही. कारोला समुद्राकाठी एक घर आवडलंय. घ्यावं का? तिथे राहणारं कुणी आहे का इथे?

चेंबूरकर:
ताई, माझं लहानपण रिफायनरीच्या शेजारी गेलं. तिथे दिवसाच्या सरासरीला अर्थ नसतो. वारा फिरला की तासाभरात घसा धरतो आणि पुन्हा सगळं मोकळं. तासातासाचे आकडे बघा आणि वारा कुठून कुठे जातो ते विचारा.

फेरियेरवाली:
ओवीची आई, मी मार्तिगमध्येच राहते, कालव्याच्या उत्तरेला फेरियेर भागात. माझ्या धाकट्यालाही दमा आहे, त्यामुळे हे सगळं रोज बघावंच लागतं.

आधी कारोबद्दल. मिस्ट्राल हा इथला जोरदार वारा उत्तर-वायव्येकडून सुटतो आणि लाव्हेराचा व पश्चिमेच्या फोस या औद्योगिक बंदराचा धूर समुद्राकडे ढकलतो. त्या दिवशी आकाश लख्ख असतं, गावातले आकडेही छान येतात. पण कारो आणि ला कूरोन लाव्हेराच्या दक्षिणेला, म्हणजे त्याच वाटेवर आहेत. उन्हाळ्यात दुपारी उलटं होतं. समुद्राकडून वारा आत येतो आणि धूर जोंकियेरवरून, म्हणजे मार्तिगच्या कालव्याच्या दक्षिणेकडच्या भागावरून, बेर्रच्या खाजणाकडे जातो. शेजारचं पोर-द-बूक गाव तर फोस आणि लाव्हेराच्या मधोमध सापडलंय. म्हणून म्हणते, कारोचं घर मिस्ट्राल वाहत असताना बघा आणि ओवीला सोबत न्या.

आता तो हिरवा रंग. इथली हवा आत्मोस्युद नावाची संस्था मोजते. त्यांच्या संकेतस्थळावर केंद्रवार, तासावार आकडे फुकट मिळतात. फ्रान्सचा रोजचा निर्देशांक पाच गोष्टींवर ठरतो: ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, आणि पीएम10 व पीएम2.5 हे बारीक कण. बेन्झीन आणि ब्युटाडाईन ही कर्करोगकारक रसायनं त्यात धरत नाहीत. पेट्रोकेमिकलच्या गावात आईने पहिल्यांदा ज्याबद्दल विचारावं तेच त्या हिरव्या रंगात मोजलेलं नसतं, याचा मला अजूनही संताप येतो. बेन्झीनची मोजणी आत्मोस्युद वेगळी करते, तिचा वार्षिक आकडा काढून बघा. युरोपची मर्यादा घनमीटरला वर्षाची सरासरी 5 मायक्रोग्रॅम आहे, 2030 पासून ती 3.4 होणार. शिवाय फोसला 2010 पासून एक संस्था नागरिकांना हाताशी धरून स्वतंत्र अभ्यास करते. आपण गोड्या मसाल्यात दगडफूल घालतो ना, तसलीच झाडांवरची शैवाकं गोळा करून त्यात कुठले धातू साचलेत ते ही मंडळी तपासतात. शैवाकांना मुळं नसतात, जे मिळतं ते हवेतूनच, म्हणून हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

पुण्याहून येणाऱ्याच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे ऋतू. तुमच्याकडे थंडीत धूर खाली बसतो. इथे जास्त जपायचं ते जून ते ऑगस्ट. कारखान्यांचे आणि गाड्यांचे वायू कडक उन्हात एकमेकांशी मिसळून ओझोन होतो. आकाश निळंच राहतं, धुरकं काही दिसत नाही. ओझोनची तासाची सरासरी घनमीटरला 180 मायक्रोग्रॅमच्या वर गेली की सूचना निघते, ती मुख्यतः लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दमेकऱ्यांसाठी. 240 ला सगळ्यांसाठी इशारा. आम्ही समुद्रावर सकाळीच जाऊन येतो. दुपारभर मुलगा घरात, कितीही रडला तरी.

आणि पराग! मिस्ट्रालपासून शेतं वाचवायला प्रोव्हान्सभर सायप्रसच्या रांगा लावल्यात, ती झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळी धूळ सोडतात. माझ्या मुलाला सगळ्यात वाईट झटका त्याच दिवसांत आला, हवेचे बाकी सगळे आकडे चांगले असताना. ओवीची अ‍ॅलर्जीची तपासणी निघायच्या आधी करून घ्या.

माझं मत विचाराल तर कारो नको. पूर्वेला सोसे-ले-पँ बघा. समुद्र तिथेही आहे आणि लाव्हेरापासून ते कारोपेक्षा लांब पडतं. धूर तिथे कधीच पोचणार नाही असं म्हणत नाही, पण अंतर वाढलं की पातळ होतो.

फोसला_नांगर:
मी मर्चंट नेव्हीत आहे, फोसला बऱ्याचदा येणं होतं. जहाजांबद्दल थोडं सांगतो. 1 मे 2025 पासून अख्ख्या भूमध्य समुद्रात इंधनातल्या गंधकाची मर्यादा 0.50 वरून 0.10 टक्क्यावर आणली आहे. युरोपच्या बंदरात उभ्या जहाजांना हा नियम 2010 पासूनच होता, आता चालत्या जहाजांनाही आहे. गंधक कमी झालं ही मोठी गोष्ट. पण नायट्रोजनचे ऑक्साइड या नियमाने कमी होत नाहीत, आणि ओझोन त्यांच्यापासूनच होतो. बंदराकडे खिडक्या असलेलं घर नकोच.

ओवीची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. कारोच्या घरमालकाला आजच नाही कळवते. फेरियेरवाली ताई, अजून एक विचारते. शाळेत पंप देतात का? इथे तिच्या बाई स्वतः देतात.

फेरियेरवाली:
देतात, पण कागद लागतो. त्याला पेआई म्हणतात. डॉक्टर, शाळा आणि तुम्ही मिळून लिहायचा: कुठला पंप, किती फवारे, मदत कधी बोलवायची. पंप आणि स्पेसर शाळेतच राहतो. पुण्याच्या डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून आणा. अस्थालिन म्हटलं तर इथे कुणाला कळणार नाही, साल्ब्युटामॉल लिहिलेलं हवं. चिठ्ठीशिवाय तो दुकानात मिळत नाही, म्हणून पहिले काही महिने पुरतील इतके पंप सोबत आणा, आणि हातातल्या सामानात ठेवा. हो, दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास धोक्याचे भोंगे वाजतात. ती नुसती चाचणी असते. ओवीला आधीच सांगून ठेवा, घाबरून तिला धाप लागायला नको.