कांद्याच्या सूपला रंग का येत नाही
फ्रेंच पद्धतीचं कांद्याचं सूप घरी केलं की फिकट आणि पांचट होतं, अशी तक्रार असते. ते बहुतेक घाईमुळे. कांदा लोण्यात मंद आचेवर निदान पाऊण तास परतायला हवा. बिर्याणीसाठी तळतो तसा कुरकुरीत नको. मऊ, चिकट, गडद तपकिरी. भांड्याच्या तळाला लागलेलं थोड्या व्हाइट वाइनने सोडवून घ्या, खरी चव तिथेच असते. वर शिळ्या बॅगेटचे (लांबट फ्रेंच पावाचे) काप, भरपूर ग्रुयेर (स्विस) चीज, मग ओव्हन. पॅरिसच्या ले आल बाजारातले हमाल पहाटे हेच प्यायचे. १९६९ मध्ये तो घाऊक बाजार पॅरिसबाहेर रँझिसला हलला. सोबत व्हँ शो करा, म्हणजे दालचिनी, लवंग, संत्रं घालून गरम केलेली रेड वाइन. तिला उकळी मात्र येऊ देऊ नका.