मदत हवी आहे: कार्डवर फ्रॉड झालाय, बिल भरू का थांबू?

परवा रात्री क्रेडिट कार्डवर डॉलरमधे दोन व्यवहार झाले, मिळून ३८ हजार रुपयांचे, ओटीपी आलाच नाही, कार्ड माझ्याच पाकिटात होतं आणि लिंक वगैरे काहीही दाबलेली नाही. लगेच कार्ड ब्लॉक केलं, १९३० या सायबर फ्रॉड हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेला मेल करून तक्रार क्रमांकही घेतलाय. इंटरनॅशनल वापर चालू ठेवला होता ही चूक माझीच. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर जबाबदारी शून्य, कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती परत असं आहे, पण कस्टमर केअरवाला म्हणतो आधी पूर्ण बिल भरा. ड्यू डेट सहा दिवसांवर आलीये. वादातली रक्कम सोडून बाकीचं भरलं तर व्याज लागतं का, सिबिल बिघडतो का? कोणी असं केलंय का?