शब्दचर्चा: 'महासत्ता' म्हणजे नेमकं किती बळ?

अभ्यासिका, आर्वी : माझ्या एकाच उताऱ्यात 'लष्करी महासत्ता', 'महाशक्ती' आणि 'बडे राष्ट्र' असे तिन्ही शब्द भारतासाठी आले आहेत. अर्थ एकच समजायचा का? आणि बळ, क्षमता, सज्जता यांतला कोणता शब्द कुठे?

शब्दवेल्हाळ : एकच नाही. 'महाशक्ती' हिंदी वर्तमानपत्रांतून आपल्याकडे जास्त शिरला. शक्ती म्हणजे करू शकण्याची ताकद. 'सत्ता' संस्कृतात नुसतं 'असणं' होतं, मराठीत ते हुकमत झालं. म्हणून मराठीत 'महासत्ता' म्हटलं की स्वतःच्या हद्दीबाहेरही जिचं चालतं ती, असा अर्थ आपोआप येतो. इंग्रजीतला मूळ शब्द 'सुपरपॉवर' अमेरिकन अभ्यासक विल्यम फॉक्स यांनी १९४४ मध्ये रूढ केला, तेव्हा त्यांच्या यादीत तीन देश होते: अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन. बारा वर्षांनी इजिप्तमधल्या सुएझमध्ये ब्रिटनचं सैन्य उतरलं, लढाईत हरलंही नाही. पण अमेरिकेने पौंडाला आधार द्यायला नकार दिला आणि माघार घ्यावी लागली. शक्ती होती, सत्ता उरली नव्हती. 'बडी राष्ट्रे' हा जुना शब्द सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांसाठी राखावा.

धुरकरी : पोयाच्या तोरनात बैल किती उभे हायेत हे मोजून वखरनी किती होईन ते समजत नाई. झुली सगळ्याईच्याच चांगल्या असतात.

पिछाडी : धुरकऱ्यांनी 'बळ' आणि 'सज्जता' यांतला फरक सांगून टाकला. पोळ्याच्या तोरणात उभे ते संख्याबळ, आज वखराला जुंपता येतील ते सज्जता. संख्याबळातही 'मंजूर' आणि 'प्रत्यक्ष' वेगळं लिहा. हवाई दलाला लढाऊ विमानांची ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९ उरली. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं धरली, तर तूट दोनशेवर जाते. आणि स्क्वाड्रनला 'तुकडी' म्हणू नका. मराठीत प्लाटूनही तुकडी, बटालियनही तुकडी. वाचणाऱ्याला तीस माणसं की आठशे, काही कळत नाही.

अभ्यासिका, आर्वी : 'लष्करी खर्च' म्हणजे फक्त लष्कराचा का?

शब्दवेल्हाळ : इथे बरेच जण फसतात. 'लष्करप्रमुख' म्हटलं की फक्त भूदलाचे. 'लष्करी खर्च' म्हटलं की तिन्ही दलं. संशय येईल तिथे 'भूदल' किंवा 'सशस्त्र दले' लिहावं. स्टॉकहोमची सिप्री ही संस्था लष्करी खर्चात निवृत्तिवेतन आणि निमलष्करी दलंही धरते. आपल्या संरक्षण अर्थसंकल्पात सीमा सुरक्षा दल नसतं, ते गृह खात्याकडे. म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली की गणित चुकतं. २०२४ चे सिप्रीचे आकडे: अमेरिका ९९७ अब्ज डॉलर, चीन अंदाजे ३१४, भारत ८६. आपल्या २०२५-२६ च्या संरक्षण अर्थसंकल्पातल्या ६.८१ लाख कोटी रुपयांत निवृत्तिवेतनच १.६१ लाख कोटी आहे. नव्या शस्त्रांसह भांडवली खर्च १.८० लाख कोटी. एकूण आकड्याला 'सामर्थ्य' म्हणण्याआधी एवढी वजाबाकी करावीच.

पिछाडी : आता 'रसद'. मराठीत 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणं' म्हणजे फुकटची उठाठेव. युद्धात मात्र तीच निम्मी लढाई. दारूगोळा मोजायचा तो नगावर नाही, दिवसांवर. भूदलाचं मूळ गणित ४० दिवसांच्या तीव्र युद्धाचं, किमान पातळी २० दिवसांची. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालात मार्च २०१३ ची स्थिती होती: निम्म्या प्रकारांचा साठा १० दिवसांपेक्षाही कमी.

'गोळा' ही एकच वस्तू नाही, हेही ध्यानात ठेवा. तोफेच्या गोळ्याला धातूचं कवच, आतलं स्फोटक, तो फेकणारी दारू, ती पेटवणारा प्रायमर आणि टोकाला फ्यूज. (वायरमन बदलतो तो फ्यूज नव्हे, गोळा कधी फुटायचा हे हा ठरवतो.) धातूकाम नागपूरच्या अंबाझरीला, स्फोटकं आणि दारू भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला, भरणी भद्रावतीच्या चांदा आयुध निर्माणीत, साठा पुलगावच्या डेपोत. आपल्या इकडच्या, विदर्भातल्या माणसाला ही साखळी नकाशाशिवाय सांगता येते. यातली एक कडी अडली की बाकीचा माल नुसता पडून राहतो. फ्यूजच्या तुटवड्यावर महालेखापरीक्षकांनी बोट ठेवलं होतंच. म्हणून 'साठा' आणि 'वापरण्याजोगा साठा' हे दोन शब्द.

धुरकरी : बंडी हाये, बैल हायेत, अन् चाकाची कुनी (आसाची खीळ) नाई. झालं मंग.

अभ्यासिका, आर्वी : 'जगातलं चौथं बलाढ्य सैन्य' असं जे छापतात, ते?

शब्दवेल्हाळ : ती ग्लोबल फायरपॉवर या संकेतस्थळाची क्रमवारी. साठाहून जास्त निकष, गुण शून्याच्या जितके जवळ तितका देश वर. त्यात अण्वस्त्रं थेट मोजलेली नसतात. 'संभाव्य बळाची क्रमवारी' म्हणा, चालेल. 'सामर्थ्य' म्हणू नका.

पिछाडी : आणि 'पल्ला' वेगळा, 'पोच' वेगळी. अग्नी-५ क्षेपणास्त्राचा पल्ला ५,००० किलोमीटरहून जास्त. पोच म्हणजे घरापासून दूर सैन्य नेऊन ते तिथे महिनोन् महिने पोसता येणं: हवेतच इंधन भरणारी तेलवाहू विमानं, मोठी मालवाहू विमानं, परदेशातले तळ. आपल्याकडे विक्रमादित्य आणि विक्रांत अशा दोन विमानवाहू नौका. एक दुरुस्तीला गेली की एकच उरते. अमेरिकेकडे ११. 'महासत्ता' शब्द अडतो तो इथे.

अभ्यासिका, आर्वी : मग उताऱ्यात काय लिहू?

शब्दवेल्हाळ : "भारत ही मोठ्या संख्याबळाची, अण्वस्त्रधारी प्रादेशिक सत्ता असून हिंद महासागरात तिची पोच वाढते आहे." बाकी विशेषणं गाळा. आणि 'उगवती सत्ता' ऐवजी 'उदयोन्मुख' घ्या. गावात 'उगवतीला' म्हणजे पूर्वेला. कुणीतरी जपान समजायचं.