कामाची पाळी बदलते त्यांनी लिहायचं कधी?

‘रोज पहाटे पाचला उठा आणि तासभर लिहा’ हा लिहिणाऱ्यांना नेहमी मिळणारा सल्ला ठरावीक वेळेची नोकरी असलेल्यांसाठी चांगला आहे. पण नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांच्या भागात आमच्यासारख्या कामगारांची पाळी आठवड्याला बदलते. तिसऱ्या पाळीत पहाटे पाचला मी मशीनवर उभा असतो. दोन वर्षं तसा प्रयत्न केला. दर सोमवारी घडी मोडायची आणि त्याचं फार वाईट वाटायचं.

मग घड्याळ सोडलं आणि जागा धरली. पाळी कुठलीही असो, सुटल्यावर कंपनीची बस निघायला पंधरा-वीस मिनिटं असतात. खिडकीची सीट धरायची, खिशातली डायरी काढायची. बोटांना मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास असतो, पानांच्या कडा तेलकट होतात, पण चार-पाच ओळी होतात. वाक्य मुद्दाम अर्धं सोडतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही. सुट्टीच्या दिवशी त्या ओळी मोठ्या वहीत उतरवतो, आणि खरं लेखन तेव्हाच होतं, कारण उतरवताना निम्म्या गळतात. नऊ पानांची कथा अशी दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालली.

आणखी एक. दिवाळी अंकांचे संपादक साधारण पावसाळ्यातच साहित्य मागवतात. साहित्य पाठवायची तारीख डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. घरचेही मग ‘याला अमुक तारखेला कथा द्यायचीय’ म्हणून रविवारची दुपार मोकळी सोडतात. आमच्याकडे तरी सोडतात.