माजाच्या हंगामात बोकडाला अंघोळ घालावी का?

रानवाट:
माझं मत ठाम आहे: हंगाम सुरू असताना पैदाशीच्या बोकडाला अंघोळ घालू नये. वास असह्य होतो, दाढी चिकट होते, पुढचे पाय पिवळे पडतात, मान्य. पण तो स्वतःच्या तोंडावर, दाढीवर, पायांवर मुततो ते माद्यांसाठीच. शिंगांच्या मागच्या ग्रंथीही याच काळात जोरात स्रवतात. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी बोकडाच्या डोक्याभोवतीच्या गंधातून ४-इथाइलऑक्टॅनल हे गंधद्रव्य वेगळं काढलं आणि दाखवलं, की त्याने शेळीच्या मेंदूतलं प्रजननाचं चक्र हलवणारं केंद्र जागं होतं. म्हणजे आपल्याला जी घाण वाटते ती शेळीसाठी हाक आहे. शाम्पू लावून ती का पुसायची?

स्वच्छगोठा:
रानवाट, हाक कळली, पण जनावराच्या कातडीचं काय? मूत सतत लागून पुढच्या पायांच्या मागच्या बाजूला आणि तोंडावर कातडी भाजल्यासारखी होते, केस गळतात, जखमेवर माश्या बसतात आणि मग अळ्या. असा बोकड चारा सोडतो, त्याच्याकडून कसली पैदास होणार? शिवाय वास एका धुण्याने जात नाही. ग्रंथी चालूच असतात आणि धुतलेला बोकड लगेच पुन्हा स्वतःला भिजवून घेतो. मी धुते, आणि शेळ्या तरीही त्याच्यापाशी शेपटी हलवत उभ्या राहतात.

गुरांचा_डॉक्टर:
दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे, पण भांडण चुकीच्या जागी चाललंय. प्रश्न अख्ख्या अंघोळीचा नाहीच. जिथे मूत लागतं तेवढ्याच जागा कोमट पाण्याने पुसा, पूर्ण कोरड्या करा, वर व्हॅसलीनचा थर द्या. पोटाखालचे आणि लिंगाच्या टोकाजवळचे लांब केस कापा, म्हणजे मूत साठत नाही. ही कामं हंगामाआधी झाली तर उत्तम. थंडीत अंगभर भिजवलेला बोकड तसाच उभा राहिला तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि ताप येऊन गेला की पुढचे काही आठवडे वीर्याचा दर्जा घसरतो. शुक्रजंतू तयार व्हायलाच सुमारे दीड महिना लागतो, त्यामुळे नुकसान लगेच दिसत नाही. शेळ्या उलटायला, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर यायला लागल्या की मग कळतं.

रानवाट:
डॉक्टर, पुसणं मला मान्य. माझा विरोध डोकं, मान आणि दाढी साबणाने घासण्याला आहे. आणि वासाचा खरा उपयोग बोकड दूर ठेवला तरच होतो. कळपापासून काही आठवडे लांब ठेवून अचानक आणला, तर हंगामाच्या सुरुवातीला बऱ्याच शेळ्या काही दिवसांतच माजावर येतात. कायम सोबत असला, तर हा परिणाम मिळत नाही. वेगळ्या बांधणीने दुधाला वास लागण्याची तक्रारही मिटते.

स्वच्छगोठा:
वेगळी बांधणी, हो. पण हंगामाआधीची एक पूर्ण अंघोळ मी सोडणार नाही. गोचीड, उवा, जुना मळ तेव्हाच निघतो. बोकड उवांनी भरला असेल तर पैदाशीत त्या प्रत्येक शेळीवर जाणार. हे कोणी का बोलत नाही?

नवीन_पालक:
आणि शेळ्यांना? माजावर आल्यावर धुवायचं का? डॉक्टर, जमल्यास सांगा.

गुरांचा_डॉक्टर:
शेळीला धुऊ नका. माज साधारण दीड दिवस टिकतो. त्यात धरपकड करून भिजवलं तर ती बिथरते आणि वेळ वाया जातो. शेपटीखाली लेंड्या, चिखल असेल तर ओल्या कापडाने पुसा, बस. जंतुनाशक आत घालायचं नाही. पारदर्शक स्राव माज संपताना पांढरट, घट्ट होतो, ते नैसर्गिक आहे. दुर्गंधी किंवा पू दिसला तर बोकड लावूच नका, नाहीतर संसर्ग बोकडाला होईल आणि पुढच्या सगळ्या शेळ्यांना. लागवडीनंतर, म्हणजे बोकड लावल्यावर, पहिला महिना डुबवणी (औषधाच्या पाण्यात बुडवणं), कातरणी, गोचीडनाशक फवारणी टाळा, कारण गर्भ तेव्हा नुकताच धरत असतो. २१ दिवसांच्या आसपास पुन्हा माज दिसतो का, तेवढं मात्र लक्षात ठेवून बघा.

स्वच्छगोठा:
म्हणजे उवांचं औषध लागवडीआधीच, बरोबर?

गुरांचा_डॉक्टर:
हो, आणि बोकड व शेळ्या दोघांनाही एकाच वेळी. गोठ्यातला ओला कचराही त्याच दिवशी काढा.