कुलाब्याचं अफगाण चर्च आणि आपल्या चावडीची पाटी

केतकी: आई आणि मी आज सकाळी कुलाब्याच्या अफगाण चर्चला जाऊन आलो. इतकी वर्षं नेव्हीनगरला जाताना बसच्या खिडकीतून नुसता उंच मनोरा बघितला होता, आत आज पहिल्यांदा गेलो. फोटो टाकलेत, पण काचांचे नीट आले नाहीत.

मंदाआत्या: अगं, मला सांगायचंस की! आत सोडतात आपल्याला?

केतकी: सोडतात आत्या. प्रार्थना चालू होती तोवर आम्ही मागच्या बाकावर गप्प बसलो, संपल्यावर तिथल्या माणसाला विचारून फिरलो.

वैशालीवहिनी: बाहेरून काढलेल्या फोटोत खिडक्या काळ्याच दिसतायत. रंगीत कुठे आहेत?

केतकी: वहिनी, बाहेरून त्या तशाच दिसणार. रंग आतून दिसतो, उन्हाकडे तोंड करून. रंग काचेवर फासलेला नसतो, काच वितळवतानाच तिच्यात धातूची भस्मं घालतात. कोबाल्टने निळी, तांब्याने हिरवी किंवा लाल. मग एकेक तुकडा कापायचा, चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या गडद रंगाने काढून भट्टीत भाजायच्या आणि सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. चित्रातल्या काळ्या रेघा दिसतात ना, त्या याच पट्ट्या. या चर्चच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या काचा विल्यम वेल्स नावाच्या इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या कारागिराच्या. म्हणजे तिकडे बनवून जहाजाने इतक्या लांब आणल्या! वेदीमागची काच पूर्वेला आहे, म्हणून सकाळीच जायचं. ऊन चढत गेलं तसा निळा रंग उजळत गेला. आई अर्धा तास बाकावरून हलली नाही.

वैशालीवहिनी: आता मलाही बघायचंय. पुढच्या रविवारी मुलांना घेऊन जाऊया का?

रोहन: जाऊया. पण मुंबईतल्या चर्चला अफगाण नाव का?

केतकी: खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. इंग्रजांच्या पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमांत मेलेल्यांच्या स्मरणासाठी बांधलं, म्हणून लोक अफगाण चर्च म्हणायला लागले. पायाभरणी १८४७ ची. हेन्री कॉनिबेअर नावाच्या शहराच्या इंजिनिअरचा आराखडा. आतली फरशी आणि वेदीकडची सजावट विल्यम बटरफिल्डची. १८५८ मध्ये प्रार्थना सुरू झाली, मनोरा मात्र १८६५ मध्ये पुरा झाला. साधारण साठ मीटर उंच आहे. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना लांबूनच दिसायचा.

रोहन: काबूलहून माघार घेताना सगळी फौज बर्फात मेली आणि एकटा डॉक्टर जलालाबादला पोचला, तेच युद्ध ना? जानेवारी १८४२?

अप्पा: युद्ध तेच रे, पण माघारीतली ती फौज बहुतेक बंगालची. आणि अगदी एकटा डॉक्टर नव्हे, पुष्कळ जण कैदेत पडले होते, काही शिपाई मागून पोचले. मुंबईची फौज जनरल कीनच्या हाताखाली १८३८ च्या अखेरीस जहाजांनी सिंधच्या किनाऱ्यावर उतरली. तिथून बोलन खिंड, कंदाहार आणि २३ जुलै १८३९ ला गझनीचा किल्ला. बॉम्बे आर्मीत कोकणातली आणि देशावरची पोरं पुष्कळ असायची. बंदुकीपेक्षा आजाराने जास्त मेली असतील. मी तेहतीस वर्षं फौजेत काढली, थंडी आणि जुलाब माणसाला कसे संपवतात ते बघितलंय. केतू, भिंतीवर नावं आहेत का गं?

केतकी: हो अप्पा, संगमरवरी पाट्या आहेत. मी एकेक वाचत गेले. सगळी इंग्रज अधिकाऱ्यांची.

अप्पा: आणि शिपायांची?

केतकी: नाहीत. तेच मला सांगायचं होतं, कसं लिहू कळत नव्हतं. तिथल्या कोरीव लेखात तसं स्पष्टच म्हटलंय. हे चर्च ज्या अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर आहेत त्यांच्या स्मरणार्थ आणि आजाराने वा तलवारीने पडलेल्या त्या हवालदार-शिपायांच्याही, ज्यांची संख्या इतकी मोठी की नावं कोरता येत नाहीत. मी ते दोनदा वाचलं. काचा बघताना मन भरून आलं होतं, आणि इथे येऊन मात्र घशात काहीतरी अडकलं. साठ मीटरचा मनोरा बांधायला दगड पुरला, नावांना नाही पुरला.

सुनीलकाका: त्या काळी शिपायाचं नाव कोण लिहीत होतं!

अप्पा: लिहीत होते सुनील, मनात आलं की लिहीत होते. कोरेगाव भीमाचा स्तंभ बघ. १ जानेवारी १८१८ ची लढाई, म्हणजे अफगाण युद्धाच्या वीस वर्षं आधीची. त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. ‘नाक’ने संपणारी महार शिपायांची बावीस नावं आहेत. आज लाखो लोक ती नावं बघायला येतात. तेव्हा जागा नव्हती हे मला पटत नाही.

मंदाआत्या: अप्पा, अगदी बरोबर. सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये, ज्याच्यावरून चर्चगेट नाव पडलं तिथे, दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट या इंग्रज शोधप्रवाशाबरोबर मेलेल्या बॉवर्सची आठवण आहे. तो रॉयल इंडियन मरीनचा, म्हणजे इंग्रजांच्या इथल्या नौदलाचा होता. मी कॉलेजात असताना बघितलं होतं. एकट्या माणसासाठी जागा असते हो.

केतकी: आत्या, पुढच्या रविवारी तिथेही जाऊ. दोन्ही एका सकाळी होतील, आधी कुलाबा, मग फोर्ट.

सुनीलकाका: मी गावीच आहे. आपल्या चावडीच्या भिंतीत ती पांढरी पाटी आहे, लहानपणापासून बघतोय, कधी नीट वाचली नव्हती. आत्ता जाऊन फोटो काढला, टाकतो.

वैशालीवहिनी: वाचता येत नाहीये, चुना लागलाय.

सुनीलकाका: ‘या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला’ इतकी माणसं गेली, त्यातली इतकी मेली, एवढंच आहे. दोन आकडे. नाव एकही नाही.

रोहन: म्हणजे चर्चमध्ये तेच आणि आपल्याकडेही तेच.

अप्पा: साताऱ्याकडच्या आपशिंगे मिलिटरीसारख्या फौजी गावांनी आपली माणसं लक्षात तरी ठेवली. आपण चावडीवर बसून पाटीला पाठ टेकवली. केतू, लिहून घे. माझ्या आजीचा धाकटा भाऊ गणू त्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला गेला. मराठ्यांच्या पलटणी तिकडे उतरल्या होत्या. तिथल्याच कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकलेले २९ एप्रिल १९१६ ला शरण आले, पुढे कैदेत किती मेले त्याचा पत्ता नाही. गणूचं पत्र आलं नाही. आजी दर दिवाळीला त्याच्या नावाचा दिवा लावायची, आम्ही पोरं विचारायचो हा कोणाचा म्हणून.

मंदाआत्या: अप्पा, हे कधी बोलला नाहीत.

अप्पा: कोणी विचारलंच नाही गं.

सुनीलकाका: अप्पा, वरच्या आळीतल्या म्हातारीला आठवत असेल, नव्वदी पार केलीय पण डोकं शाबूत आहे. संध्याकाळी जातो. आणि त्या पाटीवरचा चुना ओल्या फडक्याने हलकेच पुसतो, घासणार नाही.

केतकी: काका, आकडा किती आहे तो आधी नीट बघून सांगा. तेवढी नावं मिळवायची. गणू, अप्पांच्या आजीचा भाऊ, पहिलं लिहिलंय.