मदत हवी आहे : 'बॉब्ज युअर अंकल'मधला बॉब काका की मामा?

मंडळी, घरदुरुस्तीच्या एका ब्रिटिश मालिकेची मराठी सबटायटल्स करतेय. त्यातल्या मिस्त्रीला एक खोड आहे. "वॉशर बदला, नट आवळा, अँड बॉब्ज युअर अंकल!" नळ असो, बिजागरी असो, शेवटी बॉब आहेच.

मी लिहिलं, "बस्स, झालं काम!" अर्थ तोच आहे. तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला : "मूळ वाक्यातला बॉब कुठे गेला?"

बाकीच्या नावांनी इतका छळ केला नव्हता. 'टॉम, डिक अँड हॅरी'ला आपले सोम्यागोम्या धावून आले. 'स्मार्ट अ‍ॅलेक'ला दीडशहाणा चपखल बसला. 'पीटरला लुटून पॉलचं देणं फेडणं' म्हणजे सरळसरळ याची टोपी त्याला. 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स'पाशी जरा थबकले, कारण हरहुन्नरी म्हटलं की कौतुक होतं आणि तिथे तर टोमणा होता. शेवटी 'एक ना धड भाराभर चिंध्या' घेतलं.

बॉबचा माग काढला तर वशिल्याची गोष्ट निघाली. १८८७ साली ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनी आर्थर बाल्फोरला आयर्लंडचा मुख्य सचिव नेमलं. सॅलिस्बरींचं पाळण्यातलं नाव रॉबर्ट (रॉबर्टचा रॉब, रॉबचा बॉब) आणि बाल्फोर त्यांचा भाचा. बॉब तुमचा अंकल असला की काम झालंच, असा म्हणे अर्थ. गोष्ट झकास आहे, पण मला ती पचत नाही. हा वाक्प्रचार छापील मजकुरात दिसतो तो थेट १९२०च्या दशकात. चाळीसेक वर्षं एवढा खमंग टोमणा कुणीच कसा छापला नाही?

गंमत म्हणजे बाल्फोरची आई ही सॅलिस्बरींची सख्खी बहीण. म्हणजे गोष्ट खरी धरली तर बॉब काका नव्हे, मामा! आणि मराठीत 'बॉब तुमचा मामा' लिहिलं की मिस्त्री गिऱ्हाइकाला मामा बनवतोय असंच वाटणार.

हा शेरा मी हसण्यावारी नेला असता, पण सहाव्या भागात घरमालकीण म्हणते, "पण माझे अंकल तर डेव्ह आहेत!" आणि दोघं खो खो हसतात. 'झालं काम' ठेवलं तर हा डेव्ह आभाळातून पडल्यासारखा वाटेल. तळटीप टाकायची सोय नाही, वाक्य जेमतेम दोन सेकंद पडद्यावर असतं.

तर, 'चुटकीसरशी झालं' या अर्थाचं, एखादं नाव किंवा निदान नातं असलेलं काही मराठीत आहे का? गावाकडचं, बोलीतलंही चालेल. नसेल तर डेव्हचा विनोद कसा वाचवाल?

भर : भराभर प्रतिसाद दिल्याबद्दल आभार. 'गंगेत घोडं न्हालं' छान आहे, पण ते रखडलेलं काम एकदाचं उरकल्यावर म्हणतात. इथे तर दोन मिनिटांत नट आवळलाय. 'काम तमाम' सुचवणाऱ्यांना विनंती, नळ दुरुस्त करायचाय, खून नाही. "की फत्ते!" मला आवडलंय. त्यावर मालकिणीने "फत्तेसिंग माझे कुणी लागत नाहीत" म्हणावं, असं एकांनी सुचवलंय. लंडनच्या बाईच्या तोंडी फत्तेसिंग चालेल का? शुक्रवारी भाग द्यायचा आहे.